चालत जायच्या अंतरावरची छोटी बाजारकेंद्रं: नकाशावर गोल काढायच्या आधी दारं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शहराच्या नव्या आराखड्यात लोकांना घरून चालत जाता येतील अशी अकरा छोटी व्यापारी केंद्रं दाखवायची आहेत, अकरा हा आकडा वरून आलेला आहे, आणि ती नेमकी कुठे, केवढी आणि त्यात काय काय असावं हे तुम्हाला ठरवायचंय. शिवाय मागच्या आराखड्यातल्या अशाच दोन केंद्रांचे गाळे अजून रिकामे पडलेत, त्यामुळे यावेळी सगळ्यांची नजर तुमच्यावर. मी या कामात वीसेक वर्षं आहे, आधी नियोजन खात्यात आणि नंतर बिल्डरांचा सल्लागार म्हणून, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय आणि दोन्हीकडच्या थापा पाठ आहेत. म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

पहिली गोष्ट, अकरा हा आकडा बाजूला ठेवा. सध्या पुरता तरी. आपल्याकडची सगळ्यात मोठी खोड ही की शहराचा नकाशा घ्यायचा, कंपास घ्यायचा, सारख्या अंतरावर गोल काढायचे आणि प्रत्येक गोलाच्या मध्ये लाल ठिपका द्यायचा. दिसायला फार छान दिसतं, प्रेझेंटेशनमध्ये टाळ्या पडतात. पण दुकान नकाशावर चालत नाही, ते गिऱ्हाइकावर चालतं. वॉल्टर ख्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्येच यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या, एक म्हणजे धंदा टिकायला कमीत कमी किती गिऱ्हाईक लागतं आणि दुसरी म्हणजे त्या वस्तूसाठी माणूस किती लांब यायला तयार असतो. पहिल्याला उंबरठा म्हणा, दुसऱ्याला पल्ला. चालत येणाऱ्याचा पल्ला छोटा असतो आणि तो आपल्याला वाढवता येत नाही, म्हणजे त्या छोट्या पल्ल्यात उंबरठ्याएवढी घरं बसतात का एवढाच खरा प्रश्न उरतो. बसत नसतील तर तिथे कितीही सुंदर चौक करा, कारंजं लावा, गाळे रिकामेच राहणार.

आता पल्ला. पाच मिनिटं म्हणजे ४०० मीटर हे सगळ्यांना माहीत असतं, मिनिटाला ८० मीटरचा वेग धरून. ४०० मीटर त्रिज्येचा गोल म्हणजे साधारण ५० हेक्टर. इथेच गडबड सुरू होते कारण माणूस पक्ष्यासारखा उडत नाही, रस्त्याने येतो. रस्ते अगदी छान काटकोनात चौकटीसारखे असले तरी ४०० मीटर चालून पोचता येईल असा भाग गोल नसतो, चौकोन तिरका ठेवल्यासारखा असतो आणि त्याचं क्षेत्रफळ ३२ हेक्टर भरतं. म्हणजे उत्तम रस्ते असतानाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेलं. रस्ते वाकडेतिकडे, बंद गल्ल्या, मध्ये नाला, रेल्वे लाईन, मोठ्या कॉम्प्लेक्सच्या भिंती असं असेल तर १५ हेक्टरवर पण आलेलं बघितलंय. त्यात मोठा रस्ता ओलांडायचा असेल आणि सिग्नलला मिनिटभर उभं राहावं लागत असेल तर आणखी ८० मीटर गेले असं समजा, कारण लोक अंतर नाही तर वेळ आणि कटकट मोजतात. आणि हे सगळं धडधाकट माणसाचं झालं, गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंचा वेग याच्या दोन तृतीयांश धरा.

त्यामुळे माझं पहिलं काम नेहमी हेच, की ठरलेल्या कोपऱ्यावर उभं राहून प्रत्येक दिशेला पाच मिनिटं खरोखर चालायचं आणि जिथे पोचलो तिथे नकाशावर टिंब द्यायचं. सॉफ्टवेअर आहे हो, मी पण वापरतो, पण सॉफ्टवेअरला कुलूप लावलेलं फाटक दिसत नाही. एका ठिकाणी तर असं झालं होतं की प्रस्तावित केंद्राच्या बरोब्बर मागे तीनेकशे घरांची वसाहत, भिंतीवरून डोकावलं तर लोकांच्या बाल्कनीतले कपडे दिसतात, पण वसाहतीचं गेट उलट्या बाजूला. चालत जायचं तर पाऊण किलोमीटरचा फेरा. कागदावर ही सगळी घरं केंद्राच्या पोटात धरलेली होती, प्रत्यक्षात त्यातलं एकही घर चालत येणार नव्हतं. सहा महिने वसाहतीच्या कमिटीशी बोलणी करून त्या भिंतीत दीड मीटर रुंदीचं छोटं गेट करून घेतलं, रात्री दहाला बंद करायच्या अटीवर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम ते, आणि गंमत म्हणजे अहवालात त्याला एक ओळ पण मिळाली नाही.

आता उंबरठ्याचा हिशोब, हा बहुतेक लोक करतच नाहीत. पैशात न करता एककात करून दाखवतो म्हणजे कुठल्याही शहराला लावता येईल. समजा पल्ल्यातले ३२ हेक्टर, हेक्टरी सरासरी ४० घरं (रस्ते-बागा सगळं धरून), म्हणजे १२८० घरं. एका घराचा महिन्याचा रोजच्या वस्तूंचा खर्च १०० एकक धरा, एकूण झाले १,२८,००० एकक. यातलं सगळं तुमच्या केंद्राला मिळत नाही, लोक मोठ्या सुपरमार्केटला गाडीने जातात, ऑनलाईन मागवतात, ऑफिसजवळून घेऊन येतात. मी पाव हिस्सा धरतो, फार आशावादी दिवस असेल तर ३० टक्के. पाव म्हणजे ३२,००० एकक. आता दुकानदाराला भाडं, पगार, वीज सगळं जाऊन टिकायचं तर दर चौरस मीटरमागे महिन्याला समजा ४० एककांची विक्री लागते, हा आकडा तुमच्या शहरातल्या पाच-सहा दुकानदारांना चहा पाजून काढायचा, तो पुस्तकात मिळत नाही. ३२,००० भागिले ४०, झाले ८०० चौरस मीटर. सरासरी ६० चौरस मीटरचा गाळा धरला तर तेरा गाळे. त्यावर सलून, क्लिनिक, दुरुस्ती, इस्त्री, शिकवण्या असल्या सेवांसाठी अर्ध्याने वाढवा, म्हणजे एकोणीस-वीस गाळे, बाराशे चौरस मीटर. संपलं. हेच तुमचं केंद्र. आणि मागच्या आराखड्यात अशा ठिकाणी किती दाखवलं होतं ते उघडून बघा, मी पैजेवर सांगतो की चार-पाच हजार चौरस मीटरच्या खाली नसणार, कारण प्लॉट तेवढा होता आणि बिल्डरला तेवढं विकायचं होतं. मागणी मोजून कोणी दुकानं काढत नाही, प्लॉट मोजून काढतात.

ताळा म्हणून एक ढोबळ माप सांगतो, अमेरिकेतले रिटेल सल्लागार वापरतात ते: कोपऱ्यावरच्या एका दुकानाला हजारेक घरं, रोजच्या गरजांच्या छोट्या दुकानांच्या पुंजक्याला दोनेक हजार आणि सुपरमार्केटसकट जरा मोठ्या केंद्राला सहा ते आठ हजार घरं. तिथे लोक गाडीने फिरतात, बाकी स्पर्धा पण वेगळी, त्यामुळे जसंच्या तसं उचलू नका. पण तुमच्या हिशोबात चारशे घरांवर पस्तीस गाळे येत असतील तर कुठेतरी शून्य जास्त पडलंय एवढं यावरून कळतं.

पुढचा मुद्दा जागेचा, आणि इथे माझं मत जरा ठाम आहे. वस्तीच्या पोटात, शांत बागेशेजारी, गाड्यांपासून दूर असं केंद्र ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. नको. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजनकाराने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी शेजार-एककाची, म्हणजे एका शाळेभोवती बसणाऱ्या वस्तीची, जी कल्पना मांडली ती सगळे मधल्या शाळेसाठी लक्षात ठेवतात, १६० एकर, पाव मैलाची त्रिज्या, मध्ये शाळा. पण त्याने दुकानं मध्ये ठेवलीच नव्हती! दुकानं त्याने कडेला ठेवली, मोठ्या रस्त्यांच्या चौकात, आणि तीसुद्धा शेजारच्या एककाच्या दुकानांना लागून. हिशोब साधा आहे. मध्ये ठेवलं तर एका वस्तीचं गिऱ्हाईक, चौकात ठेवलं तर चार वस्त्यांच्या कोपऱ्यांचं, शिवाय रस्त्याने जाणारा-येणारा वेगळा. आपण वर जो पाव हिस्सा धरला तो फक्त राहणाऱ्यांचा होता, वर्दळीच्या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचं गिऱ्हाईक त्यात भर घालतं आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच धंदा तोट्यातून नफ्यात येतो.

याचं उलटं उदाहरण बघायचं तर इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स, १९६७ मध्ये घोषित झालेलं नवं शहर. साधारण किलोमीटर-किलोमीटरवर मोठे रस्ते, त्यांच्या दोन्ही कडांना झाडांचे दाट पट्टे, आणि वस्ती आतल्या चौकोनात तोंड फिरवून बसलेली. मोठ्या रस्त्यावरून जाताना आत दुकानं आहेत हे कळतच नाही. दिसायला हिरवंगार, मला खरंच आवडतं, पण दुकानदाराच्या नजरेने बघा, रोज हजारो लोक जवळून जातात आणि एकालाही त्याची पाटी दिसत नाही.

चंडीगडचा दाखला मला जास्त कामाचा वाटतो. सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचे, वेगवान वाहतूक बाहेरच्या रस्त्यांवर, आणि बाजाराचा रस्ता सेक्टरच्या आतून आडवा जातो. पण तो तिथे संपत नाही, पुढच्या सेक्टरच्या बाजाररस्त्याला जाऊन मिळतो, म्हणजे वाहत्या रस्त्यावर बाजार आहे, फक्त तो रस्ता संथ आहे. लोकांना जायला एक कारण आणि पुढे निघायला एक वाट असं दोन्ही मिळतं. तिथे दुकानं रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत, ऊन टाळायचा विचार त्यात होता. एरवी मी एकाच बाजूच्या बाजाराच्या विरोधात आहे कारण दोन्ही बाजूंना दुकानं असली की माणूस जाताना एक बाजू बघतो, येताना दुसरी. पण ऊन-पाऊस हा मुद्दा कुणीतरी पन्नासच्या दशकात एवढा मनावर घेतला होता याचं कौतुक वाटतं, आज आपण काचेचे दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून बांधतो आणि मग दुकानदार त्यावर ताडपत्री टांगतो.

म्हणजे जागा शोधायची ती अशी: हळू चालणारा पण वाहता रस्ता, ताशी ३० च्या वर गाड्या जाणार नाहीत असा, दोन रस्त्यांचा छेद, बस थांबा अगदी लागून, आणि वस्तीतून चालत येणाऱ्या वाटा तिथेच येऊन मिळणाऱ्या. यातली बसची गोष्ट हलक्यात घेऊ नका. स्टॉकहोमचं व्हेलिंगबी हे उपनगर १९५४ मध्ये सुरू झालं तेव्हा कल्पना अशी होती की काम, घर आणि केंद्र तिन्ही एकाच ठिकाणी. प्रत्यक्षात बरेच लोक कामाला बाहेरच जात राहिले, तो भाग काही जमला नाही. पण केंद्र मेट्रो स्टेशनच्या डोक्यावर होतं त्यामुळे जाणारा आणि परतणारा प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा दुकानांसमोरून जात होता. धोरण अर्धं फसलं आणि जागेच्या निवडीने सांभाळून घेतलं, असं फार कमी वेळा होतं.

आता माझं स्वतःचं एक फसलेलं काम सांगतो, नाव-गाव नको. नवीन वसाहत, मी बिल्डरच्या बाजूने. केंद्र पहिल्याच टप्प्यात बांधून टाकलं, चाळीस गाळे, कारण गाळे विकून पुढच्या टप्प्याला पैसा उभा करायचा होता. इमारत रस्त्यापासून अठरा मीटर आत, पुढे पार्किंग. दुकानाचा तळ फुटपाथपेक्षा तीन पायऱ्या वर, कारण खाली तळघर आणि तळघराला उजेड हवा म्हणून वर उचललेलं. गाळे सगळे विकले गेले! सहा महिन्यांत! पण विकले ते गुंतवणूकदारांना, दुकानदारांना नाही. मी एका मंगळवारी संध्याकाळी साडेपाच ते सात तिथे उभा होतो, हातात मोजायचं क्लिकर. समोरच्या फुटपाथवरून बरीच माणसं गेली, बसमधून उतरलेली, पिशव्या घेतलेली, म्हणजे खरेदी करून आलेली. त्यातली फक्त नऊ जणं पार्किंग ओलांडून, पायऱ्या चढून वर गेली. एक बाई बाबागाडी घेऊन पायरीपाशी आल्या, वर बघितलं, आणि आत उभ्या असलेल्या पोराला हाक मारून सामान खालीच मागवलं. त्या पोराने मला सांगितलं की दिवसाला वीस-पंचवीस वेळा तरी असं खाली उतरावं लागतं. तीन पायऱ्या आणि अठरा मीटर, धंद्याचं नुकसान व्हायला तेवढं पुरतं. दोन वर्षांनी चाळीसपैकी अकरा गाळ्यांना शटर वर होतं, बाकीच्यांवर भाड्याने देणे आहे चे फलक.

त्या दिवसापासून काही मापं मी सोडत नाही. दुकानाचं दार फुटपाथच्या पातळीत, एक पायरीसुद्धा नको. इमारत फुटपाथला चिकटून. तळमजल्याची उंची चार मीटरच्या वर, साडेचार असेल तर उत्तम, कारण तीन मीटरमध्ये चिमणी, एसीचे पाईप, पाटी, दिवे काही नीट बसत नाही आणि दुकान गुहेसारखं वाटतं. गाळ्याची दर्शनी रुंदी पाच ते सात मीटर, खोली बारा ते पंधरा. दर्शनी बाजू महाग असते म्हणून बिल्डर तीन मीटर रुंद आणि वीस मीटर खोल असे बोगदे काढतो, ते कोणाच्याच कामाचे नसतात. यान गेल या डॅनिश वास्तुविशारदाच्या मांडणीत चालायला जिवंत वाटणाऱ्या रस्त्याला शंभर मीटरला पंधरा ते वीस दारं हे माप येतं, आणि पाच-सात मीटरचे गाळे काढले की तुम्ही जवळजवळ त्यात बसता. भिंती अशा ठेवा की दोन गाळे जोडता येतील आणि परत तोडता येतील, औषधाचं दुकान वाढलं तर त्याला शेजारचा गाळा घेता यावा, लांब जायला लागू नये. सगळ्या केंद्राची लांबी दीडशे-दोनशे मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे विरळ होतं.

फुटपाथ साडेतीन-चार मीटर: कडेला झाडं आणि दिवे, मध्ये निदान १.८ मीटर मोकळं चालायला, आणि दुकानाला लागून मीटरभर त्याच्या टेबल-टोपल्यांसाठी. ती मीटरभर जागा अधिकृतपणे द्याच, नाही दिली तर तो घेणारच आहे आणि मग चालायच्या जागेतून घेईल. चौकातल्या कोपऱ्याची गोलाई छोटी ठेवा, तीन ते पाच मीटर त्रिज्येची, म्हणजे वळणाऱ्या गाडीला हळू व्हावंच लागतं आणि ओलांडायचं अंतर कमी होतं. रस्ते विभाग बारा मीटर मागेल, आमच्या मोठ्या ट्रकचं काय म्हणेल, तर मालाच्या गाड्या छोट्या आणि सकाळच्या वेळेत असं लिहून घ्या. माल उतरवायची जागा मात्र नक्की दाखवा, ती विसरली की ट्रक फुटपाथवर चढतो आणि तुमच्या सगळ्या मापांचं मातेरं होतं.

पार्किंगवर भांडण होणार आहे, तयारीत राहा. नियमात दर २५ चौरस मीटर दुकानाला एक गाडी असं काहीतरी असेल. एक गाडी, तिची ये-जा करायची जागा धरून, २५ ते ३० चौरस मीटर खाते. म्हणजे जेवढं दुकान तेवढंच किंवा त्याहून जास्त पार्किंग, आणि तुमच्या छोट्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर हे बसतच नाही, मग छोटं दुकान कायद्यानेच अशक्य होऊन बसतं. चालत येणाऱ्यांसाठी केंद्र करायचं आणि नियम गाडीवाल्यांचा लावायचा, हे आपल्या खात्यात सर्रास चालतं आणि कोणाला त्यात विनोद दिसत नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची सक्ती सगळ्या शहरात काढून टाकली, जग बुडालं नाही. तुम्हाला सगळ्या शहरात जमणार नसेल तर निदान ठराविक मापाखालच्या गाळ्यांना, समजा २०० चौरस मीटर, सूट मागा. रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासाच्या थोड्या जागा, सायकली लावायला भरपूर जागा, बाकी जे काही पार्किंग असेल ते इमारतीच्या मागे.

वापराचे नियम लिहिताना परवानगी असलेल्या धंद्यांची यादी करू नका, ती यादी छापून येईपर्यंत जुनी होते. काय चालणार नाही ते लिहा: पेट्रोल पंप, गाडीत बसून खरेदीची खिडकी, गोदाम, ठराविक डेसिबलच्या वरचा आवाज, रात्री अमुक नंतर बाहेर बसवणं. जपानचा नियम मला फार आवडतो, तिथे सगळ्यात कडक, फक्त कमी उंचीच्या घरांच्या निवासी झोनमध्येसुद्धा घराला जोडून छोटं दुकान किंवा ऑफिस चालतं, अट एवढीच की ते ५० चौरस मीटरच्या आत आणि घराच्या निम्म्याहून कमी जागेत हवं. म्हणजे केंद्र होण्याआधीच गल्लीगल्लीत एखादं दुकान उगवू शकतं आणि कुठला कोपरा चालतो ते लोकच दाखवून देतात. आपल्या ठिपक्यांपेक्षा ही परीक्षा जास्त खरी. गाळ्याच्या आकाराला वरची मर्यादा पण ठेवा, एक मोठा किराणावाला सोडून बाकी कोणी दोनशे-अडीचशेच्या वर नको, नाहीतर एखादी बँक किंवा शोरूम सगळा कोपरा गिळते आणि पाचनंतर तिथे अंधार. तो एक मोठा मात्र हवाच, रोज जायचं कारण तोच देतो. शाळा, दवाखाना, वाचनालय जवळ असेल तर दुधात साखर, कारण त्यांच्या वेळा वेगळ्या असतात आणि दिवसभर थोडी थोडी माणसं येत राहतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, प्रत्येक नव्या इमारतीला तळमजल्यावर दुकान सक्तीचं करू नका. ही सध्याची फॅशन आहे. मागणी वीस गाळ्यांची आणि सक्तीमुळे बांधले गेले दोनशे, तर ते वीस पण विखुरले जातात आणि कुठेच बाजार होत नाही. सक्ती फक्त त्या चौकाच्या दोन्ही बाजूंच्या दीडशे मीटरला. बाकी रस्त्यावर एवढंच म्हणा की तळमजला सव्वाचार मीटर उंच आणि फुटपाथच्या पातळीत बांधा, आत्ता तिथे घर करा, ऑफिस करा, शिवणकाम करा, काहीही, उद्या मागणी आली तर परवानगीशिवाय दुकान करता येईल.

टप्प्यांचं पण तसंच. घरं पाचशे असतील तेव्हा सहा गाळे, हजार झाली की बारा. मधल्या काळात कोपऱ्याचा प्लॉट मोकळा ठेवायचा आणि त्यावर तात्पुरत्या केबिन, आठवड्यातून एकदा बाजार असं चालू ठेवायचं म्हणजे लोकांच्या पायांना तिकडे वळायची सवय लागते. पहिल्या दुकानदारांना भाडं विक्रीच्या टक्केवारीत लावायचं, ठरलेली रक्कम नको, पहिली दोन वर्षं तरी. म्हणूनच गाळे सुटे विकायच्या मी विरोधात आहे, वीस गाळ्यांना वीस मालक झाले की कोणीच नवख्या धंद्याला सवलत देत नाही, प्रत्येकजण जास्त भाड्याची वाट बघत शटर खाली ठेवतो. एक मालक असेल, नगरपालिका असो, सहकारी संस्था असो, कोणीही, तर तो म्हणतो की केक-पेस्ट्रीवाल्याकडून कमी घेतो पण त्याच्यामुळे बाकीचे एकोणीस चालतील.

शेजाऱ्यांचा विरोध होणारच. सभेत आवाज, कचरा, गाड्या, टवाळ पोरं हे चार शब्द शंभर टक्के ऐकायला मिळतील आणि त्यातले पहिले तीन खरे आहेत, उडवून लावू नका. कचऱ्याची खोली मागे, बंद, रोज उचल. स्वयंपाकाची चिमणी वरच्या छताच्या वर नेलेली. मालाची गाडी सकाळी सातच्या आधी नाही. हे नकाशावर दाखवून सभेला जा, तोंडी आश्वासन देऊ नका. आणि सभा संध्याकाळी सातला घेतली तर जे येतात ते बहुतेक गाडी असलेले पन्नाशीचे पुरुष असतात, चालत खरेदीला जाणारे येतच नाहीत. म्हणून मी बस थांब्यावर एक टेबल टाकून दोन संध्याकाळ बसतो, तिथली मतं वेगळीच निघतात.

आता तुमच्या अकराकडे परत. प्रत्येक ठिपक्यासाठी चालून काढलेलं क्षेत्र, त्यातली घरं, पाव हिश्श्याचा हिशोब, आणि संध्याकाळी दीड तास मोजलेली माणसं, असं एका पानावर मांडा. माझा अंदाज चार-पाच ठिपके पास होतील, दोन-तीन घरं वाढल्यावर होतील, उरलेले कुठेतरी दोनशे मीटर सरकवून किंवा एखादी भिंत उघडून होतील नाहीतर होणारच नाहीत. वरिष्ठांना अकराच हवे असतील तर अकरा दाखवा, पण गाळे फक्त पास झालेल्यांना द्या, बाकीच्यांचा कोपऱ्याचा प्लॉट आणि चालायची वाट राखून ठेवा. मागच्या दोन रिकाम्या केंद्रांना नव्याने काही बांधायच्या आधी तिथे जाऊन दोन गोष्टी बघा, दार रस्त्यापासून किती मीटर आत आहे आणि मागच्या भिंतीपलीकडे कोण राहतं.